पणजीत नोकरी, मग घर कुठे?

घरात लहान बाळ आहे आणि ऑफिस पाटोला, म्हणजे पणजीतल्या ऑफिसांच्या भागात आहे, तर पर्वरी सुचवणारे बरेच भेटतील. मांडवी ओलांडली की पणजी, शिवाय 2019 पासून अटल सेतूही आहे. पण घर रविवारी बघू नका, सकाळी साडेआठला त्या रस्त्याने येऊन बघा! मडगावात भाडं परवडेल, कदंबची (गोव्याची सरकारी बससेवा) पणजीला विनाथांबा शटलही आहे. तरी अंतर 33-34 किलोमीटर. पाळणाघरातून "बाळाला ताप आलाय" असा फोन आला की ते फार लांब वाटतं, अनुभव आहे. मी पणजीजवळचं मेरशी किंवा सांताक्रूझ बघेन; बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचं सरकारी हॉस्पिटल) जवळ. आधी पाळणाघर पक्कं करा, मग घर. आणि हो, तळमजला घेणार असाल तर जुलैत ओल बघूनच.