फळ कोणत्या फुटीवर धरते, ते आधी पाहावे

प्रश्न : आमच्या परसबागेत पेरू आणि कलमी आंबा अशी दोन झाडे आहेत. आंब्याला मोहोर येण्याच्या दोन महिने आधी आम्ही दोन्ही झाडे एकाच दिवशी छाटली. पेरू फळांनी लगडला. आंब्याला मात्र मोहोरच आला नाही. शिवाय पेरूची एक जाड फांदी कापताना खोडाची साल वीतभर सोलून निघाली. आमचे काय चुकले?

उत्तर : आंब्याच्या बाबतीत तुमची वेळ चुकली. पेरूला फुले येतात ती नव्या, कोवळ्या फुटीवर, पानांच्या बगलेत. त्यामुळे शेंडे छाटले की नवी फूट निघते आणि तिच्यासोबत कळ्याही येतात. आंब्याचा मोहोर मात्र काही महिने जून झालेल्या काडीच्या टोकाला येतो. तुम्ही नेमकी तीच टोके कापलीत, आणि त्यानंतर आलेली पालवी मोहोराच्या वेळेपर्यंत पक्व होऊ शकली नाही. म्हणून आंब्याची छाटणी फळे उतरवल्यावर लगेच उरकावी, तीही बेताचीच : वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि झाडाच्या पोटात ऊन पोहोचू न देणाऱ्या फांद्या तेवढ्या काढाव्यात.

साल सोलली जाते ती फांदीच्या वजनामुळे. जाड फांदी एका कापात कधीच काढू नये. खोडापासून वीतभर अंतरावर प्रथम खालच्या बाजूने, फांदीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका काप द्यावा. मग त्याच्या थोडे पुढे वरून करवत चालवावी, म्हणजे फांदी मोडली तरी साल त्या खालच्या कापापाशीच तुटते. उरलेला खुंट शेवटी कापावा. फांदी खोडाला मिळते तेथे एक फुगीर, सुरकुतलेली कडा दिसते. जखम भरून येते ती याच कडेतून, त्यामुळे ती राखून तिच्या लगत बाहेरून काप घ्यावा. नीटनेटके दिसावे म्हणून खोडाशी सपाट काप घेण्याची हौस अनेकांना असते, पण झाडाला ती महागात पडते.

मोठ्या कापावर बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप, लावावी. त्यासाठी १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना प्रत्येकी अर्धा लिटर पाण्यात प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवून, चुना निवल्यावर दोन्ही एकत्र करावेत. त्यात लोखंडी खिळा मिनिटभर बुडवावा. त्यावर तांबूस थर चढल्यास चुना कमी पडला आहे असे समजून थोडी निवळी वाढवावी.

प्रश्न : कलमी लिंबाच्या बुडाशी जोमदार, काटेरी सरळ फुटवे येतात. ते ठेवावेत का?

उत्तर : ठेवू नयेत. कलमाच्या जोडाखालून आलेला फुटवा खुंटाचा, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधले त्याचा, असतो. तो वाढला की वरचे कलम उपाशी राहते आणि पुढे फळेही खुंटाचीच मिळतात. फुटवा बोटभर असतानाच हाताने मोडून काढावा, कारण कात्रीने कापल्यास बुडाशी राहिलेल्या डोळ्यांतून तो पुन्हा फुटतो. जोडाच्या वर आलेले पानसोट, म्हणजे सरळसोट वाढणारे जोमदार फुटवे, हेही बहुधा काढावेत. मात्र झाडाची एखादी बाजू रिकामी असेल, तर तेथला एक पानसोट, त्याचा शेंडा खुडून, राखावा.