मुंबईत खासगी इलेक्ट्रिक कार घेतली तर केंद्राचं अनुदान मिळतं का, की सगळा पैसा कंपन्यांनाच जातो?

नाही, खासगी इलेक्ट्रिक कारवर केंद्राचं थेट अनुदान नाही. 2024 च्या पीएम ई-ड्राइव्ह या केंद्राच्या अनुदान योजनेत दुचाकी, तीनचाकी, बस, ट्रक धरले होते, घरची कार नाही. कंपन्यांसाठी 25,938 कोटींची पीएलआय योजना (उत्पादनावर मिळणारं प्रोत्साहन) वेगळी आहे, म्हणजे तुमची शंका अगदीच चुकीची नाही. पण तुमचा खरा फायदा करात आहे. इलेक्ट्रिकला जीएसटी 5 टक्के, सप्टेंबर 2025 पासून लहान पेट्रोल कारला 18, मोठ्यांना 40. करापूर्वी 12 लाखांची गाडी धरा: इलेक्ट्रिकवर 60,000, लहान पेट्रोलवर 2,16,000. सरळ 1,56,000 चा फरक, आणि हे बिलात ‘अनुदान’ म्हणून कुठेच दिसत नाही. शिवाय राज्याच्या 2025 च्या धोरणामुळे अटल सेतूवर टोल माफ. तिथे टोल कापला गेलाच, तर फास्टॅगला अजून चासी नंबरच जोडलेला आहे का ते आधी बघा. नोंदणी क्रमांक टाकून घ्या. एक मात्र लक्षात ठेवा: इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जाच्या व्याजावरची आयकर कलम 80ईईबीची सवलत फक्त 31 मार्च 2023 पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांना होती. सेल्समन अजूनही ती हिशेबात धरत असेल, तर तो आकडा खोडा.