नळाला ७.२, टँकमध्ये ८.१: डिस्कस आणि बोअरचं पाणी

तुमचा प्रश्न मी असा समजलो: पुण्यात सोसायटीत राहता, चार फुटी, साधारण २५० लिटरचा टँक आहे, साडेतीन इंची सहा डिस्कस (थाळीसारखे चपटे शोभेचे मासे) आहेत. नळाखाली पीएच (पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ७.२ येतो, तेच पाणी टँकमध्ये दुसऱ्या दिवशी ८.१ दाखवतं. दहा दिवस तुम्ही रोज 'पीएच डाऊन', म्हणजे पीएच उतरवणारं बाटलीतलं आम्ल, घालताय. रात्री ७ वर येतो, सकाळी परत ८. दोन मासे काळवंडून कोपऱ्यात उभे आहेत, आणि आता औषधाचा डोस वाढवू का असं विचारताय.

वाढवू नका. ती बाटली आजच कपाटात ठेवून द्या. तुमच्या माशांना ८.१ चा त्रास होत नाहीये, रोज रात्री ७ आणि रोज सकाळी ८ याचा होतोय. पीएचच्या मोजपट्टीवर एका अंकाचा फरक म्हणजे आम्लता दहा पटीने बदलते. तो हेलकावा हे मासे दहा दिवस रोज सोसताहेत.

मुळात पाणी असं का वागतं ते बघा. तुमच्या वर्णनावरून सोसायटीच्या टाकीत बोअरचं पाणी बऱ्यापैकी मिसळलं जातंय, याबद्दल मला फारशी शंका नाही. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना मुळं आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड सोबत घेतं. त्याने ते किंचित आम्ल होतं आणि खालच्या काळ्या पाषाणातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळवत जातं. म्हणजे बोअरमधून वर येताना पाण्यात दोन गोष्टी असतात, जास्तीचा वायू आणि भरपूर बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल शोषून घेणारा क्षार. वायू असेपर्यंत पीएच दबलेला राहतो. टँकमध्ये एअर स्टोन (पंपाच्या हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) चालू असला की काही तासांत वायू निघून जातो आणि पीएच आपल्या जागेवर येऊन बसतो. तुमच्या पाण्याचा खरा आकडा ८.१ आहे, ७.२ हा फक्त नळातून बाहेर पडतानाचा आकडा.

खात्री करायची तर बादलीभर पाणी घ्या, एअर स्टोन सोडा, २४ तासांनी मोजा. यापुढे नळाखाली मोजलेला पीएच कुठे लिहूच नका, त्याचा काही उपयोग नाही.

ज्या आकड्याकडे बघायला हवं तो म्हणजे केएच, कार्बोनेटची कठीणता. थेंबांचं किट मिळतं. परीक्षानळीत ५ मिली पाणी घ्यायचं, एकेक थेंब टाकून हलवायचं. पाणी आधी निळं होतं आणि एका थेंबाला एकदम पिवळं पडतं. बहुतेक किटमध्ये जितके थेंब तितका केएच. माझ्याकडे नुसत्या धरणाच्या पाण्याला तिसऱ्या-चौथ्या थेंबाला पिवळं होतं, आमच्या बोअरच्या पाण्याला बारा लागतात. किट नसलं तरी घरात अंदाज येतोच: साबणाला फेस येत नाही, तूरडाळ चार शिट्ट्यांनंतरही बोटचेपी होत नाही, नळाच्या तोटीवर पांढरे क्षार धरतात. तिथे केएच जास्त आहे असं धरून चाला.

हा केएच म्हणजे आम्ल गिळून टाकणारा साठा. तुम्ही बाटलीतलं आम्ल घालता तेव्हा थोडं बायकार्बोनेट संपतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, पीएच खाली येतो. रात्रभरात तो वायू उडून गेला की पीएच जवळपास होता तिथे परत. वरवर काहीच बदललेलं दिसत नाही, पण साठा मात्र रोज थोडा कमी झालेला असतो. धोका इथेच आहे, आणि तो मी बघितलाय.

आठ वर्षांपूर्वी माझ्या तीन फुटी टँकमध्ये पाच डिस्कस होते, पाणी निव्वळ बोअरचं. मीही असाच रोज डोस देत होतो. अकरा दिवस तेच, रात्री खाली, सकाळी वर. बाराव्या रात्री तितकाच डोस घातला आणि झोपलो. सकाळी पीएच मोजायला परीक्षानळीत थेंब टाकताच पाणी पिवळंजर्द झालं, रंगांच्या कार्डावरचा अगदी शेवटचा रंग, म्हणजे पीएच ६ किंवा त्याच्याही खाली. त्या रात्री साठा संपला होता. दोन मासे आडवे पडले होते, अंगावरचा चिकट थर पापुद्र्यासारखा सुटून पाण्यात तरंगत होता. घाबरून मी अर्धं पाणी काढलं आणि त्याच तासात बोअरचं पाणी भरलं. पीएच धाडकन वर गेला. दुपारपर्यंत तिसरा मासा गेला, आणि तो मात्र आम्लाने गेला नाही.

तो अमोनियाने गेला. माशांच्या मलमूत्रातून पाण्यात येणारा अमोनिया दोन रूपांत असतो, एक बराचसा निरुपद्रवी आणि दुसरं विषारी. डिस्कसच्या तापमानाला, म्हणजे २८-२९ अंशांना, पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा एक टक्काही विषारी रूपात नसतो. पीएच ८ ला तो सहा-सात टक्के होतो. शिवाय पीएच ६ च्या आसपास अमोनिया संपवणारे फिल्टरमधले जिवाणू मंदावतात, त्यामुळे अमोनिया साचत जातो. अशा पाण्याचा पीएच एकदम वर नेला की साचलेल्या अमोनियातला विषारी भाग लगेच कित्येक पटींनी वाढतो. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगतो, पीएच खाली आणायची घाई जितकी वाईट, तितकीच वर न्यायची.

आता ८.१ चालेल का? माझं मत स्पष्ट आहे: तुमच्या माशांना चालेल. ब्राझीलमधल्या रिओ नेग्रो नदीच्या काळ्या पाण्यात हेकेल जातीचे जंगली डिस्कस राहतात, तिथे पीएच ५ च्याही खाली जातो. पुस्तकांतले आणि व्हिडिओतले आकडे बऱ्याचदा तिथून आलेले असतात. तुमच्याकडचे पिजन ब्लड आणि चेकरबोर्ड हे डिस्कसचे पाळीव प्रकार, पिढ्यान्पिढ्या टँकमध्ये वाढलेले मासे आहेत. पीएच ७.८ ते ८ ला ते खातात, वाढतात, रंग धरतात. अटी दोनच, आकडा हलता कामा नये आणि अमोनिया शून्य हवा. पिल्लं काढायची असतील तर गोष्ट वेगळी. जड पाण्यात अंडी नीट फुटत नाहीत, तिथे मऊ पाणी लागतंच. दुकानदाराकडे मासे कोणत्या पाण्यात होते हे मात्र जरूर विचारा. तो आरओच्या पाण्यात ठेवत असेल तर तुमच्याकडे आणल्यावर सवय व्हायला आठवडे लागतात.

पुण्यात खरी पंचाईत वेगळीच आहे. खडकवासल्याचं पाणी मऊ, बोअरचं जड, आणि एप्रिल-मे मध्ये सोसायटी टँकर मागवते तो कुठल्या विहिरीचा हे कुणालाच माहीत नसतं. तिन्ही एकाच टाकीत पडतात आणि प्रमाण दर आठवड्याला बदलतं. पावसाळ्यात गढूळ पाणी निवळायला तुरटीसारखी रसायनं वापरतात, त्यातही थोडा केएच खर्च होतो. म्हणून टँकचं पाणी बदलण्याआधी, नवं पाणी साठवलेल्या ड्रममध्ये टीडीएसचा पेन (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) बुडवायचा. नेहमी ३०० दाखवणारा पेन एक दिवस ६०० दाखवायला लागला की सोसायटीचं पाणी वेगळं आलंय, त्या दिवशी टँकमधलं पाणी नेहमीच्या निम्मंच बदलायचं. ही एक सवय मला सगळ्या औषधांपेक्षा जास्त उपयोगी पडली आहे. ड्रम १०० लिटरचा घ्या, आदल्या दिवशी भरा, क्लोरीन घालवायला हायपो टाका, एअर स्टोन आणि हीटर लावा.

केएच कमी करायचाच असेल तर भरवशाचा मार्ग म्हणजे आरओचं पाणी मिसळणं. हिशोब सोपा आहे: आरओचा केएच जवळजवळ शून्य, त्यामुळे केएच १२ च्या पाण्याचा एक भाग आणि आरओचे दोन भाग घेतले की ४ मिळतो. नुसतं आरओ घालू नका, साठाच उरणार नाही. चुकून केएच फार उतरला तर खाण्याचा सोडा आहे, १०० लिटरला ३ ग्रॅम घातला की सुमारे १ ने वाढतो. पण एक लिटर आरओमागे दोन-तीन लिटर पाणी वाया जातं. उन्हाळ्यात शेजारी टँकरची वाट बघत असताना शौकासाठी ते करणं मला पटत नाही, पिल्लं काढत नसाल तर नकोच.

देशी बदामाची पानं किंवा लाकूड टाकायला हरकत नाही. पाणी चहासारखं होतं, मासे निवांत होतात, पण केएच १२ असताना त्यांनी पीएच उतरेल अशी आशा ठेवू नका.

आज काय करायचं ते सांगतो. आधी अमोनिया आणि केएच मोजा. दहा दिवसांत केएच बराच उतरला असणार. तो अजून ४ च्या वर असेल तर उद्यापासून रोज २५ लिटर, ड्रममधलं मुरलेलं पाणी, आठ-दहा दिवस बदला, पीएच आपोआप हळूहळू ८ कडे सरकेल आणि थांबेल. केएच २ च्या खाली असेल तर रोज १० लिटरच, दर बदलाआधी अमोनिया बघून. अमोनिया दिसला तर खाणं दोन दिवस पूर्ण बंद, नाहीतर दिवसातून एकदाच, चिमूटभर. एअर स्टोन रात्री बंद करू नका.

त्या दोन काळवंडलेल्या माशांसाठी मीठ, अँटिबायोटिक असलं काहीही घालू नका आणि त्यांना वेगळ्या टँकमध्येही हलवू नका. दिवा मंद ठेवा. पाणी स्थिर झालं की चार-पाच दिवसांत कपाळाकडून रंग उजळायला लागेल. तसं झालं नाही, किंवा विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी दिसली, तर केएचच्या आकड्यासोबत तेही लिहा. तो आजार वेगळा असतो, त्याचं औषधही वेगळं.