वार्षिक पास, सुट्टीचे तीस दिवस आणि न आलेली मुले

प्रश्न थोडक्यात असा आहे: एक वाचक भगिनी घरीच पाळणाघर चालवतात. त्यांच्याकडे दीड, तीन, चार, सात, आठ आणि अकरा वर्षांची सहा मुले आहेत. एरवी मोठी तिघे शाळा सुटल्यावर येतात. सहा आठवड्यांच्या सुट्टीत मात्र सहाही जण दिवसभर असतात. मुले कंटाळू नयेत म्हणून एका विज्ञान व क्रीडा केंद्राचा वार्षिक गटपास घ्यावा, असे त्यांच्या मनात आहे. रक्कम एकदम भरता येते किंवा दहा मासिक हप्त्यांत. हा पास घ्यावा का, असे त्यांनी विचारले आहे.

आपण पाठवलेले सर्व आकडे मी एकाच मापात बसवून घेतले आहेत. एका मुलाचे एका दिवसाचे पूर्ण शुल्क म्हणजे एक ‘दिनशुल्क’. आपल्यासारख्या व्यवसायात हे माप चलनापेक्षा अधिक बोलके ठरते, कारण एखाद्या खर्चासाठी किती मुले किती दिवस सांभाळावी लागतील, हे त्यातून लगेच कळते. या मापाने पासची किंमत ४० दिनशुल्के होते. गटाचे एका वेळचे सुटे तिकीट अडीच दिनशुल्कांचे आहे. म्हणजे पास वसूल होण्यासाठी वर्षभरात किमान १६ फेऱ्या व्हायला हव्यात.

आपण पत्रात आठवड्याला दोन, म्हणजे सुट्टीत १२ फेऱ्यांचा अंदाज दिला आहे. सोबत जोडलेली गेल्या सुट्टीची नोंदवही मात्र वेगळे सांगते: मुलांना घेऊन आपण फक्त पाच वेळा बाहेर पडलात. यात आपला आळस नाही, गटाची रचनाच तशी आहे. सर्वांत लहान मूल साडेअकराला झोपते, तर मोठ्यांना रंगात यायलाच तास लागतो. सहांपैकी एकाला ताप आला की सहाही जणांचे बाहेर जाणे रद्द होते. शाळा सुरू झाल्यावर उरलेल्या फेऱ्या होतील, हाही भरवसा धरू नये. तेव्हा सकाळी आपल्याकडे फक्त तीन लहान मुले असतात आणि त्या केंद्रातील बहुतेक दालने सहा वर्षांपुढील मुलांसाठी आहेत, असे आपणच लिहिले आहे. पाचच फेऱ्या झाल्या, तर सुट्या तिकिटाच्या अडीच दिनशुल्कांऐवजी पासपोटी प्रत्येक फेरीला आठ दिनशुल्के मोजावी लागतील. हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

बाहेर जाण्याचा खर्च प्रवेशापाशी थांबतही नाही. प्रत्येक फेरीला वाहनाचे दीड आणि मदतनीस बाईंचे एक, असे आणखी अडीच दिनशुल्क लागते. मदतनीस टाळून बचत करण्याचा विचार कृपया करू नका. दीड वर्षाचे मूल कडेवर असताना गर्दीत आणखी पाच जणांवर लक्ष ठेवणे एका व्यक्तीच्या आवाक्यातले नाही. पासच्या अटींत तो व्यावसायिक देखरेखीखालील मुलांना लागू आहे का, हे आणि आपला विमा घराबाहेर घडलेल्या अपघाताला लागू आहे का, हेही लेखी विचारून घ्यावे. यांपैकी एका प्रश्नाचे उत्तर जरी ‘नाही’ आले, तरी पुढचा हिशेब करण्याची गरज उरत नाही.

हप्त्यांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तिथे आपली समजूत चुकते आहे. दहा हप्ते प्रत्येकी ४.४ दिनशुल्कांचे, म्हणजे एकूण ४४. चाळीसवर चार जास्त. याला आपण ‘फक्त दहा टक्के’ म्हटले आहे. परंतु पूर्ण ४० दिनशुल्के आपल्याकडे दहा महिने उसनी राहत नाहीत. दर महिन्याला मुद्दल कमी होत जाते आणि सरासरी थकबाकी निम्म्याच्या आसपासच असते. पहिला हप्ता महिन्याने भरायचा आहे असे धरले, तर हा व्याजदर वर्षाला सुमारे २१ टक्के पडतो. सुट्टी संपून मोठी मुले शाळेत परतल्यावरही आठ-नऊ हप्ते आपल्या मागे लागलेले असतील, ते वेगळेच.

आता सुट्टीच्या एकूण जमाखर्चाकडे वळू. कामाचे ३० दिवस आणि सहा मुले म्हणजे कागदावर १८० दिनशुल्के जमा व्हायला हवीत. पण गेल्या सुट्टीत प्रत्येक मूल सरासरी सहा दिवस आले नाही आणि न आलेल्या दिवसाचे आपण काहीच घेत नाही. म्हणजे ३६ दिनशुल्के गळाली आणि १४४ उरली. नेहमीचा खर्च ८० आहे. मूल आले नाही म्हणून त्यातला बराचसा खर्च कमी होत नाही. सहा आठवड्यांच्या कष्टांपोटी आपल्या हाती उरतात ६४ दिनशुल्के. ठरवल्याप्रमाणे बारा फेऱ्या केल्या, तर पासची ४० आणि वाहन-मदतनिसाची ३० जाऊन सहा दिनशुल्के पदरचीच घालावी लागतील.

म्हणून पास घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या सुट्टीच्या ताळेबंदातले खरे भगदाड मात्र खेळांच्या खर्चात नसून त्या ३६ गैरहजर दिवसांत आहे. आपण जागा राखून ठेवता, तर राखलेल्या जागेचे काही शुल्क मागणे मुळीच गैर नाही. निम्मे शुल्क घेतले, तर १८ दिनशुल्के जमा होतील. अर्थात याला दुसरी बाजूही आहे. नाराज होऊन एका कुटुंबाने सुट्टीपुरते मूल पाठवणे बंद केले, तर सुमारे २४ दिनशुल्के जातील आणि ही सगळी कमाई धुऊन निघेल. त्यामुळे मी मधला मार्ग सुचवतो: सुट्टीच्या तारखा महिनाभर आधी कळवणाऱ्यांकडून पाव शुल्क घ्यावे, न कळवणाऱ्यांकडून निम्मे. सर्वांनी आधी कळवले, तरी नऊ दिनशुल्के येतील. हा नियम सुट्टीच्या किमान दोन महिने आधी लेखी द्यावा आणि शक्य तर प्रत्येक पालकाशी समक्ष बोलावे. आयत्या वेळी भिंतीवर चिकटवलेली सूचना कोणालाच आवडत नाही.

खेळांसाठी सुट्टीभरात १६ दिनशुल्कांची तरतूद पुरेशी आहे: दोन सहली प्रत्येकी पाच दिनशुल्कांच्या आणि साहित्याला सहा. मोठ्या तिघांच्या पालकांकडून प्रत्येकी दोन आणि लहान तिघांच्या पालकांकडून प्रत्येकी एक दिनशुल्क उपक्रमांसाठी घेतले, तर नऊ वसूल होतात आणि आपली पदरमोड सातवर येते. गाडीत झोपून राहणाऱ्या बाळाच्या आईवडिलांकडून अकरा वर्षांच्या मुलीइतकेच पैसे घेणे मला रास्त वाटत नाही.

साहित्याला सहा दिनशुल्के कमी आहेत असे वाटेल. येथे ‘मूल-तास’, म्हणजे एका मुलाचा रमण्यात गेलेला एक तास, मोजून पाहावा. एका सहलीला सहा मुले तीन तास रमली, तर १८ मूल-तास होतात आणि प्रत्येक मूल-तासाला ०.२८ दिनशुल्क पडते. पास घेऊन पाचच फेऱ्या झाल्या, तर हाच आकडा ०.५८ होतो. घरातले साहित्य मात्र दिवसाला दोन तास वापरले, तर १४४ हजेऱ्यांचे २८८ मूल-तास भरतात आणि एका मूल-तासाला जेमतेम ०.०२ दिनशुल्क लागते. सहल त्याच्या तेरापट महाग पडते. तरीही दोन सहली मी ठेवल्या आहेत, कारण मोठ्या मुलांना सुट्टीत घराबाहेरचे काही लागतेच.

साहित्य घेताना एका वयाची खेळणी घेऊ नयेत. सायमन निकोलसन या ब्रिटिश चित्रकार-शिल्पकाराने १९७१ मध्ये ‘सुट्या भागां’ची कल्पना मांडली. हलवता, जोडता, मोडता येणाऱ्या वस्तू जितक्या अधिक, तितकी मुलांच्या कल्पकतेला जागा अधिक, असे तिचे सार आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय खेळणी सन्मान दालनात २००५ मध्ये पुठ्ठ्याच्या खोक्याला आणि २००८ मध्ये साध्या काठीला स्थान मिळाले. दोन्ही फुकट मिळतात, हे माझ्यासारख्या हिशेबी माणसाला विशेष भावते. मिश्र वयाच्या गटाला हेच सोयीचे आहे. एका मोठ्या खोक्यात दीड वर्षाचे मूल शिरते आणि बाहेर येते, चार वर्षांचे त्यावर रंग फासते, आठ वर्षांचे त्याला दार कापून मागते.

सावलीचा खेळ तर एका खडूच्या पेटीत होतो. अंगणात काठी उभी करावी आणि दर तासाला सावलीच्या टोकाशी खूण करावी. लहान मूल सावलीवर पाय देत फिरेल, मधली मुले तिची कड रेखतील, मोठी दोऱ्याने लांबी मोजतील. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, हे अकरा वर्षांच्या मुलीला सांगितले, तर सावलीही तेवढीच वळते का हे ती कोनमापकाने तपासू पाहील आणि तसे नेमके होत नाही म्हणून आपल्याशी वादही घालील.

खरेदी करताना एक माप जवळ ठेवावे. तीन वर्षांखालील मुलांसाठीच्या अमेरिकी चाचणीतील नळीचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. तीत पूर्ण मावणारी वस्तू त्या वयाच्या मुलाला धोकादायक मानली जाते. गोट्या, मणी, बटणे यांचा डबा म्हणून बंदच ठेवावा आणि धाकटे झोपल्यावर उंच टेबलावर उघडावा. साडेअकराची ती झोप, जिच्यामुळे सहली अडतात, मोठ्यांच्या बारीक कामाला नेमकी उपयोगी पडते.

पासची कल्पना मुळात अकरा वर्षांच्या मुलीच्या कंटाळ्यावरून निघाली, असे आपल्या पत्रावरून दिसते. तिला दहा दिनशुल्कांची मर्यादा सांगून दोन्ही सहली तिलाच ठरवू द्याव्यात: ठिकाण, जाण्यायेण्याचा खर्च, मदतनीस बाईंची वेळ आणि धाकट्याची झोप, सगळे वहीत लिहून. पासचा अर्ज तोवर कोराच राहू द्यावा.