एकच शब्द परत परत म्हटला की तो अनोळखी का वाटायला लागतो?

तुम्ही विचारलंय की 'चमचा' शब्द सारखा म्हणत बसलात आणि थोड्या वेळाने तो मराठीच वाटेना, डोक्यात काही बिघाड तर नाही ना? अजिबात नाही, हे बहुतेकांना होतं. मी मुद्रितशोधन करते, मला तर हा अनुभव नेहमीचाच, पाठ्यपुस्तकाचं प्रूफ असलं की 'विद्यार्थी' इतक्यांदा समोर येतो की वेलांटी, रफार, जोडाक्षर सगळं सुटं सुटं दिसायला लागतं आणि बरोबर शब्दावरही शंका येते.

याला सिमँटिक सॅटिएशन म्हणतात. मानसशास्त्रज्ञ लिऑन जाकोबोविट्स यांनी १९६२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या प्रबंधात हे नाव वापरलं, पण छापील शब्दाकडे टक लावून बघितलं की अर्थ निसटतो यावर १९०७ मध्येच मानसशास्त्रज्ञ मार्गारेट वॉशबर्न यांचा सहलेखकासोबत पेपर आलाय.

होतं काय, तर एरवी शब्द कानावर पडला की आपण थेट अर्थावर पोचतो, आवाजाकडे लक्षही जात नाही. पण तेच तेच सारखं आलं की मेंदूचा प्रतिसाद मंदावतो, उदबत्तीचा वास थोड्या वेळाने येईनासा होतो ना तसं, आणि मग उरतो नुसता आवाज. त्यात शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हेही डळमळतं, 'चमचाचमचाचमचा' जोरात म्हणून बघा, मधेच 'चाचम' ऐकू येईल. वाल्या कोळ्याच्या गोष्टीत 'मरा मरा'चं 'राम राम' होतं ते हेच, आणि मला ते फार आवडतं. रिचर्ड वॉरन आणि रिचर्ड ग्रेगरी यांनी १९५८ मध्ये एकाच शब्दाची टेप परत परत वाजवून असे बदल नोंदवलेत.

ख्रिस मुलँ आणि अकिरा ओकॉनर या मानसशास्त्रज्ञांच्या टीमने तर विद्यार्थ्यांना एकच शब्द परत परत लिहायला लावला, विचित्र वाटलं तर थांबा म्हणून सांगितलं. साधारण ७० टक्के जण एकदा तरी त्याच कारणाने थांबले, बहुतेक वेळा ३३ वेळा लिहून झाल्यावर म्हणजे मिनिटाभरात, आणि तेही जास्त करून ओळखीच्या शब्दांना! २०२३ चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते गमतीदार बक्षीस, मिळालं त्यांना.

म्हणूनच चुकलेला शब्द मुलांना पन्नास वेळा लिहायला लावतात ते मला मुळीच पटत नाही. त्यापेक्षा तोच शब्द घालून पाच वेगवेगळी वाक्यं लिहून घ्या.