१९०८ सालचे सिडनी रग्बी लीगचे पहिले विजेतेपद साऊथ सिडनीला फुकट मिळाले होते का?

आपला प्रश्न असा आहे : सिडनीतल्या रग्बी लीग स्पर्धेच्या पहिल्या हंगामात, म्हणजे १९०८ साली, अंतिम सामन्याआधीच ईस्टर्न सबर्ब्ज संघाचे उत्तमोत्तम खेळाडू इंग्लंडच्या दौऱ्यावर निघून गेले होते, मग साऊथ सिडनीचे विजेतेपद खरे मानावे, की ते आयते पदरात पडले असे म्हणावे? सिडनीत काही वर्षे राहत असताना हा वाद मी चहाच्या टेबलावर अनेकदा ऐकला आहे आणि त्यात दोन्ही बाजूंनी बोलूनही झाले आहे. माझे उत्तर असे की विजेतेपद खरे होते; मात्र आपली शंका निराधार नाही आणि ती नीट समजून घ्यायची तर त्या हंगामाच्या आर्थिक व्यवहाराकडे आधी पाहावे लागते.

शंकेला बळ मिळते ते धावफलकावरून. २९ ऑगस्ट १९०८ रोजी रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीच्या प्रदर्शन मैदानावर झालेला अंतिम सामना साऊथ सिडनीने १४–१२ असा जिंकला. त्या काळी ट्रायचे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवण्याचे, ३ गुण असत आणि चेंडू खांबांमधून आडव्या दांडीवरून मारला की २ गुण मिळत. म्हणजे दोन्ही संघांतला फरक नेमका एका गोलाचा होता, आणि ज्याच्या गोल मारण्याच्या कौशल्याची सगळ्या शहरात चर्चा होती तो ईस्टर्न सबर्ब्जचा डॅली मेसेंजर त्या दुपारी समुद्रावर, इंग्लंडच्या वाटेवर होता. ईस्टर्नच्या पाठीराख्यांनी हा हिशेब शंभराहून अधिक वर्षे जपून ठेवला आहे, यात नवल नाही.

परंतु बोटीवर फक्त त्यांचेच खेळाडू नव्हते. ऑगस्टच्या मध्याला ‘मॅसिडोनिया’ बोटीने निघालेल्या त्या पहिल्या ‘कांगारू’ संघात, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या लीग संघात, ईस्टर्नचे मेसेंजर, आल्बर्ट रोझेनफेल्ड आणि सँडी पिअर्स होते, तसेच साऊथ सिडनीचे आर्थर कॉनलिन, आर्थर बटलर आणि बिली कॅन हेही होते. साखळीच्या तक्त्यात साऊथ सिडनी पहिल्या आणि ईस्टर्न दुसऱ्या क्रमांकावर होते, त्यामुळे निवड करणाऱ्यांनी या दोन संघांना सर्वांत जास्त झळ पोहोचवली हे ओघानेच आले. शिवाय तेव्हा खेळाडूने ज्या भागात राहायचे त्याच भागाच्या संघाकडून खेळायचे, असा नियम होता. ऐन वेळी शेजारच्या संघातून कोणाला उसने आणण्याची सोय कोणालाच नव्हती. आपल्याच वस्तीतल्या राखीव मुलांना उभे करायचे आणि खेळायचे. माझ्या मते खरी कसोटी हीच होती आणि साऊथ सिडनीच्या राखीव मुलांनी ती एका गोलाने का होईना, पार केली.

आता मुळाकडे येतो, कारण स्वतःचीच स्पर्धा अर्ध्यावर असताना संघटनेने आपले उत्तम खेळाडू परदेशी का धाडले, हे त्याशिवाय उलगडत नाही.

आपल्याकडे रग्बी म्हटले की बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावरचा पंधरा जणांचा खेळ डोळ्यांसमोर येतो. तो रग्बी युनियन. रग्बी लीग तेरा जणांचा. ही फूट उत्तर इंग्लंडमध्ये २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात पडली, आणि तिचे कारण खेळाच्या नियमांत नव्हते, तर बुडालेल्या मजुरीत होते. गिरणी आणि खाण कामगार शनिवारी खेळायला गेले की त्यांचा रोज बुडे. तो भरून द्यावा ही त्यांच्या क्लबांची मागणी लंडनच्या हौशी मंडळींना खेळाची विटंबना वाटत होती. सिडनीत हेच भांडण बारा वर्षांनी पेटले. जुलै १९०७ मध्ये न्यूझीलंडविरुद्धचा सामना पाहायला सुमारे ५० हजार लोक सिडनी क्रिकेट ग्राउंडवर लोटले, तिकिटांचे पैसे युनियनच्या तिजोरीत गेले. आणि त्याच सुमारास खेळताना जायबंदी झालेल्या ॲलेक बर्डन या खेळाडूला, जो पेशाने नाभिक होता आणि ज्याचे पोट हातांवर चालत होते, युनियनकडून भरपाई मिळाली नाही. पन्नास हजारांची गर्दी आणि एक रिकामा खिसा, हे चित्र कामगार वस्तीतल्या माणसाला समजावून सांगावे लागत नव्हते.

८ ऑगस्ट १९०७ रोजी जॉर्ज स्ट्रीटवरच्या बेटमन्स हॉटेलात नव्या लीगची स्थापना झाली. पुढाकार घेणाऱ्यांत जेम्स गिल्टिनन हा धडपड्या व्यापारी होता, राजकारणात वावरलेला हेन्री हॉयल अध्यक्ष झाला आणि खजिनदार झाला व्हिक्टर ट्रंपर. हो, तोच ट्रंपर, ज्याच्या फलंदाजीच्या कथा क्रिकेटवेड्या मराठी घरांतही पिढ्यान् पिढ्या सांगितल्या गेल्या. त्याच्या क्रीडासाहित्याच्या दुकानात या मंडळींच्या बैठका होत. (फलंदाज म्हणून तो अजोड होता, खजिनदार म्हणून त्याचे कौतुक करणारा मला अद्याप भेटलेला नाही.) त्याच ऑगस्टमध्ये आल्बर्ट बास्करव्हिल या न्यूझीलंडच्या टपाल कारकुनाने जमवलेला संघ इंग्लंडला जाता जाता सिडनीत तीन सामने खेळला. न्यूझीलंडच्या युनियन संघाच्या ‘ऑल ब्लॅक्स’ या नावावर कोटी करून वृत्तपत्रांनी या पैसे घेणाऱ्या खेळाडूंना ‘ऑल गोल्ड्स’ म्हणून हिणवले. मेसेंजर या सामन्यांत लीगकडून उतरला आणि मग पाहुण्यांबरोबरच इंग्लंडला गेला. गंमत अशी की हे तीनही सामने जुन्याच, युनियनच्या नियमांनी खेळले गेले, कारण नव्या खेळाची नियमावली अजून सिडनीत कोणाच्या हाती आलेली नव्हती.

जानेवारी आणि फेब्रुवारी १९०८ मध्ये क्लब भराभर उभे राहिले. साऊथ सिडनीची सभा १७ जानेवारीला रेडफर्नच्या टाउन हॉलमध्ये झाली, ईस्टर्न सबर्ब्जची २४ तारखेला पॅडिंग्टनच्या. ग्लीब, न्यूटाउन, बॅलमेन, वेस्टर्न सबर्ब्ज, नॉर्थ सिडनी हे बाकीचे, शिवाय बाहेरगावचा न्यूकॅसल आणि उशिरा आलेला कंबरलँड, असे नऊ संघ झाले. २० एप्रिलला, ईस्टरच्या सोमवारी, पहिले चार सामने दोन मैदानांवर झाले. वेंटवर्थ पार्कवर ईस्टर्नने न्यूटाउनला ३२–१६ आणि ग्लीबने न्यूकॅसलला ८–५ असे हरवले, तर बर्चग्रोव्ह ओव्हलवर साऊथ सिडनीने नॉर्थ सिडनीवर ११–७ अशी मात केली आणि बॅलमेनने वेस्टर्न सबर्ब्जला शून्यावर ठेवून २४ गुण घेतले. बर्चग्रोव्ह ओव्हल आजही बंदराच्या पाण्यालगत आहे. तिथल्या उतारावर बसून सामना पाहिला की या स्पर्धेची सुरुवात किती लहान जागेत झाली ते कळते. कंबरलँडची कथा तर दोन ओळींत संपते : संपूर्ण हंगामात त्यांनी एकच सामना जिंकला, तोही वेस्टर्न सबर्ब्जविरुद्ध, आणि पुढच्या वर्षी तो संघ नव्हताच.

हंगामाच्या मध्यात क्लबचे सामने मागे पडून पाहुण्यांचे सामने पुढे आले, कारण लोक त्यांनाच येत आणि लीगला रोख रकमेची गरज होती. मे महिन्यात परतलेल्या न्यूझीलंडच्या संघाने ऑस्ट्रेलियाला पहिल्या कसोटीत ११–१० असे हरवले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २० मे रोजी, बास्करव्हिल ब्रिस्बेनमध्ये न्यूमोनियाने वारला. तो अवघा पंचवीस वर्षांचा होता. मेसेंजरसारखा खेळाडू या सगळ्या मोठ्या सामन्यांत गुंतला होता, त्यामुळे ईस्टर्नच्या साखळीतल्या अनेक विजयांत त्याचा हात नव्हता, ही गोष्ट त्याच्या अनुपस्थितीचा दाखला देणारे बहुधा विसरतात. त्याच्यावाचून जिंकायला शिकलेला संघ अंतिम सामन्यात केवळ त्याच्यावाचून हरला, असे म्हणणे मला त्या संघावर अन्याय करणारे वाटते.

इंग्लंडचा दौरा हा गिल्टिननचा जुगार होता. त्या दौऱ्याच्या उत्पन्नावर लीग तरेल असा त्याचा होरा होता आणि तो साफ चुकला. थंडी कडक होती आणि लँकेशायरमध्ये सूतगिरण्या संपामुळे आठवडेच्या आठवडे बंद होत्या. गिरणगाव पाहिलेल्या वाचकाला वेगळे सांगायला नको की पगार थांबला की सर्वांत आधी तिकिटाचा पैसा थांबतो. अखेर खेळाडूंच्या परतीच्या प्रवासाचा खर्च इंग्लंडमध्ये हाच तेरा जणांचा खेळ चालवणाऱ्या नॉर्दर्न युनियनने उचलला आणि गिल्टिननचे दिवाळे निघाले. ऑस्ट्रेलियाचा रग्बी युनियनचा ‘वॉलबीज’ संघ त्याच वेळी ब्रिटनमध्ये होता आणि त्याने लंडन ऑलिंपिकमध्ये कॉर्नवॉलला ३२–३ असे हरवून सुवर्णपदकही घेतले. इकडे सिडनीत दौऱ्यावर गेलेल्या खेळाडूंविना झालेल्या अंतिम सामन्याला जेमतेम चार हजार लोक आले. पहिला हंगाम धूमधडाक्यात यशस्वी झाला, असे जे आज उत्साहाने सांगितले जाते, त्याच्याशी हा आकडा जुळत नाही. १९०९ मध्ये गिल्टिनन, हॉयल आणि ट्रंपर या तिघांनाही कारभारातून दूर करण्यात आले, आणि जॉइंटन स्मिथ या धनिकाच्या पैशावर अनेक वॉलबी खेळाडू लीगकडे वळवले गेले, तेव्हा कुठे गर्दीने बाजू बदलली.

तेव्हा साऊथ सिडनीच्या आजवरच्या २१ विजेतेपदांपैकी एखाद्याला आयते म्हणायचेच असेल, तर १९०८ चे सोडून दुसरे, १९०९ चे घ्यावे. त्या वर्षीचा अंतिम सामना कांगारू विरुद्ध वॉलबीज या अधिक कमाईच्या सामन्याआधी, जणू नांदी म्हणून, ठेवण्यात आला. बॅलमेनने याचा निषेध करून खेळायला नकार दिला, आणि त्यांचे म्हणणे असे होते की दोन्ही संघांनी मैदानात न उतरण्याचे आपसांत ठरवले होते. साऊथ सिडनीचे खेळाडू मात्र वेळेवर हजर झाले. समोर कोणी नसताना त्यांनी चेंडू मारून खेळ सुरू केला, तोच चेंडू उचलून ट्राय नोंदवला आणि विजेतेपद घेऊन ते मैदानाबाहेर आले.