कॉलेज लॅबमधले रात्री रिकामे पडलेले पीसी संशोधनाला जुंपता येतात का?

येतात, आणि ही युक्ती जुनीच आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात 1980च्या दशकात मिरॉन लिव्हनी यांच्या गटाने यासाठीच ‘कॉन्डोर’ हे सॉफ्टवेअर बनवलं. आज ते ‘एचटीकॉन्डोर’ नावाने फुकट मिळतं. मोकळा पीसी हेरून ते त्याला काम देतं. कोणी कीबोर्डला हात लावला की काम थांबवतं किंवा दुसरीकडे हलवतं. म्हणजे ज्याचा पीसी, त्याचा हक्क पहिला. (वीजबिल कोणाच्या खात्यात, हे मात्र आधीच ठरवा!)

पण कामं सुटी-सुटी, एकमेकांवर न अवलंबणारी हवीत: एकच प्रोग्रॅम हजार वेगवेगळ्या आकड्यांवर चालवायचा, असली. हवामानाच्या मॉडेलसारखं, तुकड्यांना एकमेकांशी सतत बोलावं लागणारं गणित लॅबच्या नेटवर्कवर रडतं. त्यासाठी पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या ‘परम ब्रह्म’सारखा सुपरकॉम्प्युटरच लागतो.